मूठभर कापूस आणि भाचीची साइट

दिवाळीनंतर भाचीचा फोन आला. "मामा, माझी पोर्टफोलिओची साइट झाली. लिंक पाठवली आहे, पाहून सांगजा. खरं सांगजा हं, छान-बिन नको."

ही आमची अकोल्याची भाची. कॉम्प्युटरची पदवी झाली, दोन वर्षं घरूनच लहानसहान साइट्स करते आहे, आणि आता पुण्यात वेब डिझायनरची नोकरी शोधते आहे. या नोकऱ्यांत मार्कशीट नंतर मागतात, आधी स्वतःच्या साइटची लिंक मागतात. मी अमरावतीत २००१ पासून या धंद्यात थोडाफार आहे, त्यामुळे घराण्यात काहीही अडलं की फोन मलाच येतो. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी. पण हा फोन जरा वेगळा होता. चार जणांनी "छान आहे" म्हणून आधीच सांगून टाकलं होतं, आणि अठरा ठिकाणी लिंक पाठवून एकाचंही उत्तर नव्हतं.

(घरातली सगळी मंडळी हे वाचतात, तेव्हा सांगून टाकतो, की तिला विचारूनच लिहितो आहे. ती म्हणाली, "लिहा, पण नाव नका टाकू.")

तर लिंक उघडली. काळीकुट्ट पार्श्वभूमी. अंधारातून तिचं नाव हळूहळू वर आलं, इंग्रजीत. माउस हलवला की एक पिवळा गोल त्याच्या मागे मागे पळत यायचा, जत्रेतल्या फुग्यासारखा. मग एक वाक्य: मला सुंदर अनुभव घडवण्याचा ध्यास आहे. कसले अनुभव, कोणासाठी, ते नाही. त्याखाली पट्ट्या. एचटीएमएल ९० टक्के, सीएसएस ८५ टक्के, फोटोशॉप ८० टक्के. या पट्ट्यांचं मला कायम नवल वाटत आलं आहे. ज्याला ९० टक्के एचटीएमएल येतं, त्याला न येणारं १० टक्के कोणतं हे कसं कळलं? आणि ते माहीत आहे तर शिकून का नाही घेतलं? मला मराठी किती टक्के येतं असं उद्या कोणी विचारलं तर काय सांगू? आजीच्या मानाने ४०, मुलाच्या मानाने १२०.

त्याखाली सहा कामं. एका बँकेचं ॲप, एक कॉफीचं दुकान, एक व्यायामशाळा, एक पर्यटन कंपनी वगैरे. चित्रं सुरेख होती, अगदी बिहान्स आणि ड्रिबलवर असतात तशी. अडचण एवढीच, की ती बँक अस्तित्वात नाही. कॉफीचं दुकानही नाही. सहापैकी चार कामं कोणी मागितली नव्हती आणि कोणी वापरली नव्हती.

मग मी दुसरा प्रयोग केला. बायकोचा चार वर्षांपूर्वीचा फोन घेतला, घरातलं वायफाय बंद केलं आणि गच्चीवर गेलो. साइट उघडायला लावली. गोल फिरायला लागला. फिरतोय, फिरतोय. मी तुळशीला पाणी घातलं, वाळलेले कपडे काढले. तेव्हा कुठे अंधारातून नाव वर आलं, तेही अर्धं स्क्रीनच्या बाहेर. पिवळ्या गोलाला तर फोनवर कामच नव्हतं, त्यामुळे तो एका कोपऱ्यात बसून राहिला होता.

फोनवर हे सगळं सांगणं बरं नव्हे, म्हणून रविवारी अकोल्याला गेलो.

अमरावती–अकोला रस्त्यावरून जाताना मला हल्ली दर वेळी एक गोष्ट आठवते. २०२२ च्या जूनमध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारमधला होता, २५ किलोमीटरच्या आसपास. लोकांनी तेव्हा फेटे उडवले, काहींनी चेष्टाही केली. मला मात्र त्यातली एक बारीक गोष्ट आवडली. हे ७५ किलोमीटर 'एकेरी मार्गिके'चे आहेत, दुहेरी रस्त्याच्या हिशेबाने ते साडेसदतीस होतात, हे त्या बातमीतच सांगितलेलं होतं. म्हणजे काय केलं, किती केलं, कोणत्या मापाने मोजलं आणि कधीपासून कधीपर्यंत केलं, सगळं उघड. कामाचं वर्णन असं असावं. 'आम्हाला सुंदर रस्त्यांचा ध्यास आहे' असं कोणी लिहिलं असतं तर ते कोणाच्या लक्षात राहिलं असतं?

आता याच्या उलटं उदाहरणही आपल्याच जिल्ह्यातलं. मेळघाटातलं हरिसाल. २०१६ साली राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने ते देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. जाहिराती झाल्या, त्यात गावातला एक तरुण दिसला. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी गावात जाऊन केलेलं चित्रीकरण सभेत दाखवलं, आणि सोलापूरच्या सभेत तर जाहिरातीतल्या त्या तरुणालाच मंचावर आणून उभं केलं. भाजपनेही मग उलट व्हिडिओ दाखवून उत्तर दिलं. राजकारण बाजूला ठेवू. मेळघाटासारख्या ठिकाणी असं काही करून पाहणं हे मुळात अवघड काम, आणि जे झालं त्याची किंमत कमी नाही. पण मांडणी अशी केली, की बघणाऱ्याला वाटावं आता सगळंच झालं. मग कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन बघतो. पोर्टफोलिओतल्या चित्राचंही तेच आहे. कोणीतरी जाऊन बघणार, निदान मुलाखतीत विचारणार, हे धरूनच ते लिहिलं पाहिजे.

घरी पोचलो. चहा झाला. भाऊजी नुकतेच मार्केट यार्डातून आले होते, त्यांची चार एकर कपाशी आहे. भावाबद्दल त्रागा करून झाल्यावर (तो दर वर्षीचाच) त्यांनी एक गोष्ट सांगितली, आणि माझं अर्धं काम त्यांनीच करून टाकलं.

कापसाची गाडी यार्डात लागली की व्यापारी वरचा कापूस बघतच नाही. वरचा पांढराशुभ्रच असतो, हे त्याला माहीत असतं. तो कोपरापर्यंत हात आत घालतो आणि मधल्या थरातून मूठभर कापूस ओढून काढतो. बोटांत धरून धागा ओढतो, लांबी बघतो. कवडी किती, पालापाचोळा किती ते बघतो. सरकी दाताखाली धरून फोडतो, कडक वाजली तर माल कोरडा, मऊ लागली तर ओल आहे. एवढ्यावर अख्ख्या गाडीचा भाव ठरतो. भाऊजी म्हणाले, "वरून कितीही सजवा, तो हात आतच घालते. मग वर सजवून फायदा काय? उलट जास्त सजवलं की त्याले शंका येते."

वऱ्हाडात ही परीक्षा जुनी आहे. कारंज्याला १८८६ मध्ये कापसाची नियंत्रित बाजारपेठ झाली, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदाच आला. मापात खोट, मालात भेसळ, मनमानी कपाती या तक्रारी तेव्हाही होत्या, आणि वऱ्हाडी कापूस जायचा मँचेस्टरपर्यंत. इतक्या लांबच्या गिऱ्हाइकाचा विश्वास मुठीतल्या नमुन्यावर टिकायचा.

मी भाचीकडे पाहिलं. ती म्हणाली, "समजलं मामा. मी वरचा कापूस दाखवून राहिली."

"वरचाही नाही," मी म्हटलं. "तू कापसाचा फोटो दाखवते आहेस."

हे जरा जास्तच झालं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. पण खरं सांगा म्हणाली होती.

मग आम्ही एकेक काम उघडून बसलो. काल्पनिक बँक आणि कॉफी बाजूला ठेवली. (काल्पनिक काम दाखवूच नये असं माझं म्हणणं नाही. शिकणाऱ्याने ते करावंच. पण त्यावर 'हा सराव आहे' एवढं लिहायला काय हरकत आहे?) पाचवं काम एसटीच्या तिकीट आरक्षणाचं होतं. कॉलेजचा प्रकल्प, चौघांनी मिळून केलेला. साइटवरचं सगळ्यात देखणं पान. मी विचारलं, "यातलं तुझं काय?"

थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, "आसन निवडायचं पान फक्त. बाकी तिघांचं."

त्या आसनाच्या पानावर मी पुन्हा गेलो. भरलेली आसनं नुसती लाल न करता तिने त्यावर फुलीही मारली होती. का, म्हणून विचारलं. तर प्रकल्पातल्या एका मित्राला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, त्याने रिकामी समजून भरलेल्या आसनावरच बोट ठेवलं, तेव्हा लक्षात आलं म्हणे. बायकांसाठी राखीव आसनांवर तिने नुसतं चिन्ह न टाकता शब्द लिहिला होता, कारण ते चिन्ह तिच्या आजीला कळलं नव्हतं. मी म्हटलं, "अगं, हे कुठे लिहिलं आहेस?" तर कुठेच नाही. चार जणांचं अख्खं काम स्वतःचं म्हणून दाखवताना तिने स्वतःचं जे खरोखर चांगलं होतं तेच झाकून टाकलं होतं.

इथे ती माझ्याशी भांडली, आणि तिचं म्हणणं मी जसंच्या तसं लिहितो, कारण मला त्याचं पूर्ण उत्तर देता आलं नाही. "सगळेच असं लिहितात मामा. पुण्याच्या मोठ्या कॉलेजातली पोरं तर लिहितातच. त्यांच्या ओळखी पण असतात. मी अकोल्याहून 'फक्त एक पान केलं' म्हणून लिहिलं, तर समोरचा म्हणेल, एकच पान? चला पुढे. कमी लिहिलं की कमीच समजतात."

खोटं नाही ते. ज्याच्यामागे मोठं नाव नाही त्याला प्रामाणिकपणा महाग पडतो, हे मी स्वतः भोगलं आहे. मी एवढंच म्हणू शकलो, की चाळणी लावणारा माणूस चित्र पाहून कदाचित फसेल, पण मुलाखतीला समोर बसतो तो या धंद्यातलाच असतो. तो मुठीतला धागा ओढून बघतो. "हा रंग का? हे बटण इथे का? आधी काय करून पाहिलं?" एवढं विचारलं की ज्याने केलं तो बोलत सुटतो, आणि ज्याने केलं नाही तो 'आम्ही' म्हणायला लागतो. 'मी'चा 'आम्ही' झाला, की समोरच्याला कळतं.

सहावं काम साइटच्या अगदी तळाशी होतं. लहानसं चित्र, एक ओळ. शहरातल्या एका कृषी केंद्राची साइट. मला वाटलं भरतीचं काम असेल. विचारलं तर म्हणाली, "ते सोडा मामा. साधं आहे, दाखवण्यासारखं नाही. बाबांच्या ओळखीचे आहेत म्हणून केलं."

मी सोडलं नाही. खोदून खोदून विचारलं तेव्हा हळूहळू बाहेर आलं. दुकानदाराची आधी एक साइट होती. त्यावर उगवता सूर्य, ट्रॅक्टर, मालकांचा संदेश आणि हार घातलेल्या उद्घाटनाचे फोटो. त्याला 'नवीन चकाचक' हवी होती. ही जूनमध्ये, पेरणीच्या गर्दीत, दोन दिवस दुकानात नुसती बसून राहिली. दुकानाचा फोन सारखा वाजायचा. कोण काय विचारतं ते तिने वहीत रेघा मारून मोजलं. बहुतेक रेघा दोनच प्रश्नांपुढे होत्या: अमुक बियाणं आलं का, आणि कितीले? मग तिने सूर्य काढला, ट्रॅक्टर काढला, संदेश खाली नेला, आणि पहिल्याच पानावर आज दुकानात काय आहे त्याची मराठीत यादी लावली. नाव, पिशवी केवढी, किंमत, आहे की संपलं. दुकानदार रात्री दुकान बंद करताना स्वतःच्या फोनवरून गुगलच्या तक्त्यात आकडे बदलतो, साइट आपोआप बदलते. पानावर एकही फोटो नाही, म्हणून गावात एक कांडी असली तरी उघडतं. दुकानदार आधी नाराज होता. सूर्य कुठे गेला म्हणाला. आता म्हणतो, "पोरीनं डोकं लावलं. विचारायचे फोन कमी येऊन राहिले, लोकं यादी पाहूनच येतात."

"ती वही आहे का?"

होती. कपाटातून काढून आणली. रेघोट्या, चहाचा डाग, मध्येच कोणाचा तरी नंबर, बाजूला पानाची पेन्सिलने काढलेली तीन-चार कच्ची चित्रं आणि त्यातल्या दोनांवर फुल्या. मी तिला सांगितलं, तुझ्या साइटवरचं पहिलं चित्र हे असायला पाहिजे.

वेब डिझायनरच्या पोर्टफोलिओबद्दल माझं जे काही मत आहे ते या वहीत आहे. देखणी पडदाचित्रं आज कोणीही दाखवतो, तयार टेम्प्लेट हजारबाराशेत मिळतात, आणि आता तर दोन वाक्यं लिहिली की एआय चित्रं काढून देतं. पाहणाऱ्याला हवं असतं ते दुसरंच. कोणाची काय अडचण होती, तू ती कशी शोधलीस, काय करून पाहिलंस, काय फसलं, तुझा हात नेमका कुठे लागला आणि शेवटी वापरणाऱ्याचं काय झालं. अशी तीन कामं असली तरी साइट भरते. त्यासाठी सहा चित्रं लागत नाहीत.

२००३ मध्ये डेव्ह शे नावाच्या डिझायनरने 'सीएसएस झेन गार्डन' सुरू केलं होतं, जुन्या लोकांना आठवत असेल. सगळ्यांना मजकूर एकच, एचटीएमएलही तेच. त्याला हात लावायचा नाही. फक्त सजावटीची फाइल बदलायची. आम्ही अमरावतीत सायबर कॅफेत बसून त्यातली पानं एकेक करून उतरवून घ्यायचो. माल सगळ्यांना सारखाच दिलेला, म्हणून प्रत्येकाचा हात स्वच्छ दिसायचा. आजच्या पोर्टफोलिओत नेमका हा 'दिलेला माल' गायब असतो. दुकानदाराने काय दिलं होतं, पैसे किती होते, दिवस किती होते, हे कळल्याशिवाय डिझायनरचा हात दिसणार कसा?

आता माझी फजिती सांगतो, म्हणजे मी फार शहाणा आहे असा कोणाचा समज व्हायला नको. २००४ मध्ये माझी स्वतःची साइट होती, अख्खी फ्लॅशमध्ये. उघडली की तबला वाजायचा, एक नारिंगी चेंडू टप्पे खात यायचा आणि माझ्या नावावर बसायचा. खाली 'इंट्रो वगळा' असं बटण. भाचीच्या पिवळ्या गोलाला हसण्याचा मला अधिकारच नाही. त्या साइटवर बावीस कामांच्या नुसत्या लिंका होत्या. ना फोटो, ना दोन ओळी. मग एकेका गिऱ्हाइकाने डोमेनचे पैसे भरणं सोडलं. २०१८ मध्ये एका संस्थेच्या विश्वस्तांसमोर जुनं काम दाखवायला मोठ्या रुबाबात एक लिंक उघडली, तर तिथे रमीची जाहिरात! एका शाळेची साइट होती ती. काम अर्थातच मिळालं नाही. २०२० च्या अखेरीला ॲडोबीने फ्लॅश बंद केलं, आणि जानेवारी २०२१ पासून तर उरलेसुरलेही चालेना. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर माझ्या साइटचा पत्ता घालून पाहिला. चौकट आहे, तारीख आहे, मधे करडा चौकोन. सात-आठ वर्षांचं काम त्या करड्या चौकोनात गेलं.

म्हणून भाचीला सांगितलं, लिंक दे, पण लिंकेच्या भरवशावर राहू नकोस. काम चालू असताना त्याचे फोटो काढून ठेव, तारीख घाल, आणि चार वाक्यं साध्या मजकुरात लिही. साधा एचटीएमएल मजकूर १९९१ पासून आजपर्यंत उघडतो आहे. बाकी येतं आणि जातं.

मग मराठीचा विषय निघाला. तिची अख्खी साइट इंग्रजीत होती, एका जागेचा अपवाद सोडून. तळाशी हौसेने लिहिलं होतं, 'वर्हाडातून, प्रेमाने'. मी म्हटलं, "हे काय लिहिलं आहेस?" तिला चूक दिसेचना. रफार ह च्या डोक्यावर चढून बसला होता. वऱ्हाड या शब्दाने कॉम्प्युटरला पहिल्यापासून छळलं आहे. हा अर्धा ऱ कळफलकावर पटकन सापडत नाही. वर तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक नुक्तावाल्या ऱ ने आणि एक साध्या र ला हलन्त आणि न दिसणारा जोडक लावून. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधायला गेलं तर एक दुसऱ्याला ओळखीलच याची खात्री नाही. म्हणजे 'वऱ्हाड' म्हणून शोधणाऱ्याला वऱ्हाडातलीच साइट सापडणार नाही असं होऊ शकतं. आपल्याच घराचा पत्ता आपल्याला लागू नये, तसं.

आणि नुसता ऱ्ह च नाही. देवनागरीला ओळींमध्ये मोकळी जागा जास्त लागते, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. र. कृ. जोशींनी 'मंगल' केला, तो विंडोज २००० बरोबर आला आणि आपण पहिल्यांदा पडद्यावर मराठी सरळ वाचू लागलो. त्याआधी ज्याचा फॉन्ट आपल्याकडे नसेल त्याची साइट म्हणजे नुसता कचरा दिसायचा. आता एक टाइपचा 'मुक्त' गुगलवर फुकट मिळतो, 'बालू' मिळतो. साधनं आहेत. पण पुण्या-मुंबईच्या किती डिझायनरांच्या पोर्टफोलिओत नीट बसवलेलं एक तरी मराठी पान दिसतं? मला फार थोडी दिसली. आणि ही पोरगी, जिने बियाण्यांची अख्खी यादी मराठीत, लहान फोनवर वाचता येईल अशी बसवली, ती तेच लपवून न उघडलेल्या कॉफीच्या दुकानाचं इंग्रजी पान पुढे करते आहे.

"पुण्यात कोण पाहणार मामा, कृषी केंद्र?" ती म्हणाली.

"ज्याला पाहायचं नाही त्याच्याकडे नोकरी करून तरी काय करशील?" मी म्हटलं. बोलायला सोपं आहे. मला नोकरी शोधायची नव्हती.

संध्याकाळी निघालो. तिने काही कबूल केलं नाही, नुसतं "पाहते" म्हणाली. ताईने डब्यात शेवेचे लाडू दिले. भाऊजी स्टँडवर सोडायला आले तेव्हा हळूच म्हणाले, "जास्त तर नाही ना बोलले तुम्ही? दोन महिने झाले, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसते ते." परतताना तेच डोक्यात राहिलं.

मागच्या शनिवारी पुन्हा एसटीने अकोल्याला जात होतो. मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली असताना तिचा संदेश आला, नुसती लिंक. फोनवर एकच कांडी होती. तरी पान लगेच उघडलं. पांढरी पार्श्वभूमी, काळी अक्षरं. पिवळा गोल गेला होता, पट्ट्याही गेल्या होत्या. पहिलं काम एसटीचं आरक्षण: 'चौघांचा प्रकल्प, त्यातलं आसन निवडायचं पान माझं.' कृषी केंद्र दुसरं. माझं पूर्ण ऐकलं नव्हतं, ते बरंच केलं. वहीचा फोटो होता, चहाच्या डागासकट. कॉफीचं दुकान तिसरं, त्यावर लिहिलं होतं, 'सराव. हे दुकान नाही, पण असायला हरकत नाही.' वर कोपऱ्यात 'मराठी' असं बटण. दाबलं. सगळं मराठीत आलं, मात्रा मोकळ्या, वेलांट्या जागच्या जागी. तळाशी गेलो. वऱ्हाडातला ऱ्ह नीट बसला होता.

त्याच्याच खाली तिचा फोन नंबर होता. सवयीने मोजला. नऊच आकडे.

तसं कळवलं. गाडी बोरगाव मंजूला पोचली तेव्हा उत्तर आलं: "अरे देवा. जुन्या साइटवरूनच उचलला होता."